सफरचंदाची दारू आणि भावजींचं जहाज

जर्मनीतल्या गेर्लिंगेनहून निघालो तेव्हा भावजींच्या मांडीवर फ्रेंच दारूची बाटली होती आणि तोंडी तिचा इतिहास.

२००६ सालच्या नोव्हेंबरात मी तिथे ताईकडे गेलो होतो. भाची सई हिला योनास नावाच्या शेतकऱ्याच्या मुलाशी लग्न करायचं होतं आणि भावजी काही केल्या हो म्हणत नव्हते. "वीस वर्षं इथे इंजिनियर म्हणून घासली, ती हातभट्टीवाल्याशी सोयरीक करायला?" हे मी रोज ऐकत होतो. शेवटी 'घर बघून येऊ' इतपत ते वाकले. ताई तापाने पडलेली, म्हणून सोबत मी.

गाडी सई चालवत होती. भावजी मला शिकवत होते. "ऐक. कॅल्वाडोस म्हणजे सफरचंदाची ब्रँडी. स्पेनचं साल्वादोर नावाचं जहाज फ्रान्सच्या खडकांवर फुटलं. त्यावरून त्या भागाला नाव पडलं, भागावरून दारूला. गेनाऊ!" हे 'गेनाऊ' (अगदी बरोबर) ते स्वतःलाच देत. इंटरनेटवरून छापलेली दोन पानंही खिशात होती. ज्या घरात तीन पिढ्या सफरचंदाची दारू गाळतात, तिथे दुसऱ्याची सफरचंदाची दारू भेट न्यायची आणि वर व्याख्यान द्यायचं, हे फक्त आमच्या इंजिनियर मंडळींनाच सुचू शकतं.

तासाभराने टेकड्या लागल्या. उतारावर उंच, वेडीवाकडी झाडं, खाली गवतात सडकी फळं. योनासचे वडील रबरी बूट घालूनच सामोरे आले. त्यांच्या ब्रेनेरायमध्ये (भट्टीत) तांब्याचा मोठा हंडा होता आणि आंबूस-गोड वास. फळीवर ब्रेड आणि धुरी दिलेलं डुकराचं मांस मांडलं होतं. मी ब्रेडवर भागवलं. भावजींनी बाटली पुढे करून जर्मनमधून जहाज पुन्हा बुडवलं.

म्हातारबुवांनी शांतपणे ऐकलं आणि दोन वाक्यं सांगितली. भावजींनी खिशातली पानं चाचपली.

"काय म्हणाले?" मी मुद्दाम विचारलं.

"म्हणाले, जहाजाची दंतकथा आहे. समुद्रातून दिसणाऱ्या उघड्याबोडक्या कड्यांच्या लॅटिन नावावरून त्या भागाचं नाव आलं म्हणे."

मला मनातून उकळ्या फुटत होत्या. पण भावजी कसले ऐकतात! तुमच्या दारूला काही नाव आहे की नाही, असं त्यांनी खोचकपणे विचारलं. म्हातारबुवांनी नाही म्हणून मान हलवली आणि काही सांगत फळीवरून एक बाटली काढली. या वेळी भावजींनी न विचारताच सांगितलं, "यांच्याकडे नाव ठेवत नाहीत. ज्याने सफरचंदं वेचली, त्याचं नाव बाटलीवर लिहितात." चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहिलं होतं, 'सई'. भावजींनी ते दोनदा वाचलं.

परतताना गाडी पुन्हा सईच चालवत होती.

"तू शनिवारी घरातून निघायचीस, ती तिथे सफरचंदं वेचायला?" भावजींनी विचारलं. "मला बोलली नाहीस कधी."

"दोनदा सांगितलं, बाबा. दोन्ही वेळा तुमचं जहाज चाललं होतं."

भावजींची मी दिवसभर टिंगल केली खरी, पण मामा म्हणून आलेल्या मीही महिनाभरात त्या पोरीला एक प्रश्न विचारला नव्हता. मला माझीच लाज वाटली.

घर जवळ आल्यावर भावजी हळूच म्हणाले, "रविवारी त्यांना जेवायला बोलाव. मी फार बोलणार नाही."