पेटी देऊन आणलेला कर्णा

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी हे मुदतीच्या तापातून उठले, पण कान गेले ते गेलेच. अगदी ठार बहिरे नव्हते; कानाशी तोंड नेऊन कुणी ओरडलं तर ऐकू यायचं. मामंजी ओरडत, मळ्यातले गडी ओरडत, अनसिंगच्या बाजारात गिऱ्हाइकं वांग्यांचा भाव ओरडून विचारत. ओरडायची चोरी फक्त मला होती. सासऱ्यादेखत नवऱ्याशी साधं बोलायचं नाही, तिथे ओरडायचं कुठलं? मळ्यात विहिरीवर सदा माणसं आणि घरात कुडापलीकडे मामंजींची बाज. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या; घरात बाई मी एकटी. लिहिणं-वाचणं ना यांना येई, ना मला. मग आमचा संसार हातवाऱ्यांवर चालला. चूल दाखवली की जेवायला चला, आभाळ दाखवलं की वाळवण उचला.

यांना बाज्याचा, म्हणजे ग्रामोफोनचा, भारी नाद. तापाआधी हौसेनं पेटीचा बाजा आणला होता. त्याचा कर्णा पेटीतच लपलेला, वरून झाकण. आता हे त्या झाकणाला कान लावून बसत आणि हिरमुसून उठत. जऊळक्याच्या स्टेशनाजवळ एका जैन दुकानदाराकडे जुना बाजा होता, धोतऱ्याच्या फुलासारखा मोठा पत्र्याचा कर्णा बाहेर असलेला. त्याला पेटी हवी होती, यांना कर्णा. अदलाबदल झाली. लोक जुनं टाकून नवं घेतात आणि आमच्याकडे उलटी गंगा, म्हणून मामंजी आठवडाभर कुरकुरत होते.

पण कर्ण्यासमोर बसलं की यांना ऐकू यायचं. पहिल्या दिवशी तबकडीवरची बाई गायला लागली आणि यांचा चेहरा असा उजळला की मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. खरं सांगते, मला त्या बाईचा राग आला. कोण कुठली, माझ्या सासऱ्यासमोर माझ्या नवऱ्याला मोठमोठ्यानं गाणं ऐकवते, आणि तिला कुणी निर्लज्ज म्हणत नाही! त्या दिवशी मी भाकरी करपवल्या.

त्यातच मला दिवस गेले. तिसरा महिना लागला तरी यांना पत्ता नाही. दुसऱ्या कुणाच्या तोंडून यांना ते कळावं, हे माझ्या जिवावर येत होतं. सांगायचं तर मीच, आणि पहिलं यांनाच. एका दुपारी चुलीपाशी पोटावर हात ठेवून मी यांच्याकडे पाहिलं, लाजले, पुन्हा हात ठेवला. हे लगबगीनं उठले आणि मूठभर ओवा घेऊन आले.

"पोट दुखून राह्यलं काय व? घे, चाऊन खाय."

माझं डोकंच फिरलं. मी तरातरा बाज्यापाशी गेले आणि कर्णा उपसून काढला. एवढ्या मोठ्या तोंडातून आवाज बाहेर येतो, तर आतही जात असेल, असं बरेच दिवस माझ्या मनात घोळत होतं. निमुळतं टोक यांच्या कानाला लावलं, रुंद बाजूला माझं तोंड नेलं आणि हळूच म्हणाले, "ओवा नाई लागत मले. दिस गेले जी. तिसरा मयना हाय."

हे हातातल्या ओव्याकडे बघत राहिले. मला वाटलं, फुकट गेलं. पण बहिऱ्या माणसाला स्वतःचा आवाज कुठला कळतो? हे केवढ्यांदा ओरडले, "अवं, मी बाप होनार?"

ओसरीवर मामंजी खोकले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काठी वाजली, मामंजी उठले. आत येतात की काय म्हणून मी पदर पुढे ओढला. पण ते बाहेरूनच म्हणाले, "मी मळ्यात जाऊन राह्यलो. दिवेलागणीपावतर येत नाई." आणि गेले.

हे कर्णा कानावरून काढेचनात.

"अखीन बोल."

"आता काय बोलू?" मी कर्ण्यात म्हटलं.

"काई बी. साल झालं तुहा आवाज आयकून."

वर्षभराचं बोलणं माझ्याजवळ साठलं होतं. त्यात भांडणंसुद्धा होती. त्यातलं एकही तोंडाशी आलं नाही. नुसतं रडू आलं, आणि तोंड कर्ण्यात असल्यामुळे तेही यांना ऐकू गेलं.