कोरफडीचा सरळ काप

मला मूळव्याध आहे, हे लिहायला पन्नाशी यावी लागली. शाळेत कारकून, दिवसभर लाकडी खुर्ची, पाणी कमी, ताटात रोज ठेचा. रक्त दिसलं तेव्हा परभणीला गुपचूप दवाखान्यात जाऊन आलो आणि घरी सांगितलं, कंबर धरलीय.

गोळ्या आणि कोमट पाण्यात बसणं डॉक्टरांचं, कोरफड माझी. ताडकळसच्या आमच्या अंगणात पत्र्याच्या डब्यात ती होती. पहिल्यांदा पिवळ्या चिकासकट गर लावला आणि न्हाणीत नाचलो. मग शिकलो: पान उभं ठेवून चीक निथळू द्यायचा, गर धुवायचा, थोड्या तुपात फेटायचा. आग निवायची.

पानं कमी दिसायला लागली तसा मीच ओरडलो, "शेजारच्या मावशीची शेळी खायलीय!"

बायको लगेच म्हणाली, "व्हय, मीबी पाह्यलं."

तिनं खोटी साक्ष का दिली, हे मी विचारलं नाही. माझं भागत होतं.

त्याच दिवसांत तिनं गाडीवर बसणं सोडलं. बाजाराला चालत जायची, जेवताना एका अंगावर कलून बसायची. एकदा शेजाऱ्यांसमोर मी म्हणालो, "गाडीला काय काटे हायेत? लय नखरे झाले तुझे." तेव्हा माझ्या सीटवर टॉवेलची घडी होती. ते बोलणं अजून मला गिळता येत नाही.

एका दुपारी शेजारच्या मावशी शेळीला दाव्यानं ओढत अंगणात आल्या. कोरफडीचं पान तिच्या तोंडाशी धरलं. शेळीनं हुंगलं, शिंकली, तोंड फिरवलं.

"बघा सायेब, कडू हाय ते. अन् हे काप कसे सरळ हायेत! माझ्या शेळीला इळी कुणी दिली?"

बायको घरात निघून गेली. मी मागोमाग गेलो. तिनं फळीवरची झाकलेली वाटी माझ्यापुढं ठेवली. आत हळद घातलेला गर होता.

"चार महिने झाले, संडासला रक्त जायलंय. हाताला गाठ लागती. मला वाटायलंय, कॅन्सर हाय. पोरीच्या लग्नापर्यंत तरी राहावं म्हणते."

चार महिने ती एकटीच मरणाशी बोलत होती, आणि मी टॉवेलवर बसून गप्प होतो.

"मलाबी हाय," मी म्हणालो.

"काय?"

"मूळव्याध. वर्ष झालं. पानं मीबी कापायलोय."

तिनं वाटी बाजूला सरकवली. "अन् मला नखरे म्हणलात."

"म्हणलो."

दुसऱ्या दिवशी एसटीनं परभणीला गेलो. डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं. गाठ म्हणजे मूळव्याधीचाच कोंब होता. "थंडाव्याला कोरफड लावा, पण रक्त दिसलं की पाल्यावर विसंबून घरी बसायचं नाही," त्यांनी दोघांनाही दटावलं.

परतताना एसटी पिंगळीच्या थांब्यावर थांबली. तिथं ती एकदम हसायलाच लागली. "आवो, त्या गरीब शेळीची माफी कोण मागणार?"

मी मागितली, दोन भाकरी देऊन.

आता अंगणात कोरफडीचे दोन डबे आहेत. बाजाराच्या दिवशी गाडीवर गोधडीची लांब घडी असते, दोघांना पुरेल अशी. मागून हुकूम येतो, "हळू घ्या, खड्डा हाय. दोघांलाबी लागंल."