साडूचं शटर

माझ्या साडूने मोटार घेतली तेव्हा मला काही वाटलं नाही, असं मी आजवर घरात सगळ्यांना सांगत आलो. ते खोटं आहे. पण मोटार एकवेळ सोसली असती. मोटार ठेवायच्या खोलीला त्याने जो दरवाजा बसवला, तो काही सोसवला नाही.

आम्ही दोघं एकाच घरचे जावई. थोरली मला दिली, धाकटी त्याला. मी बुलढाण्याला कचेरीत कारकून, तो मलकापूरला कापसाचा व्यापारी. सासुरवाडीत माझी चौकशी ‘प्रकृती बरी ना?’ इथे संपायची आणि त्याची तिथून सुरू व्हायची. त्यात त्याने मुंबईहून लोखंडी पट्ट्यांचं शटर आणवलं. एक बोट लावलं की सरसर गुंडाळत वर! आमच्या घरचं दार लावायला मला खांदा द्यावा लागे.

शटर बसलं त्या दिवशी सगळं गणगोत मोटारीभोवती. मी एकटा मिस्त्रीजवळ उभा, कुठे खोड सापडते का बघत. त्या भल्या माणसाला वाटलं, ह्याला शिकायची आवड दिसते. तो समजावून सांगू लागला, “वरच्या नळीत स्प्रिंग आहे, सगळा भार तिच्यावर. दार अर्ध्यावर सोडून बघायचं. तिथंच थांबलं तर ठीक; खाली घसरलं तर ती थकली. दार जड झालं, एका अंगाने वाकडं चढू लागलं, तरी तेच. दर उघडझापीला तिचं आयुष्य कमी होतं, साहेब.” हे शेवटचं वाक्य उराशी धरून मी घाट चढून घरी आलो.

साडू मोटार काढायचा आठवड्यातून एकदा. शटर मात्र दिवसभर वरखाली. अमडापूरचे कपाशीवाले आले की चहाआधी शटर. “पाहा, एका बोटानं जाते!” मी गेलो की मीच आग्रह करायचो, “साडभाऊ, अजून एकदा होऊन जाऊ द्या.” त्याला ते कौतुक वाटे. कचेरीतलं कोणी मलकापूरला निघालं तर मी त्यालाही पत्ता देई, ‘आमच्या साडूचं शटर पाहून या बरं.’

दोन वर्षांत एका बोटाचा तळहात झाला. तिसऱ्या वर्षी दोन्ही हात लागू लागले. साडू म्हणे, हवा दमट आहे. डावी बाजू मागे राही. अर्ध्यावर सोडलं की शटर वीतभर खाली येई. मी घरी येऊन हे सगळं बायकोला रंगवून सांगायचो आणि दोन घास जास्त जेवायचो. साडूला मात्र अवाक्षर बोललो नाही.

त्या खंडेनवमीला आम्ही तिकडेच होतो. पूजेसाठी मोटार धुऊन अंगणात लावलेली. शटर पूर्ण वर, त्याच्या खालच्या काठाला कमरेपर्यंत लोंबणारं झेंडूचं तोरण. दोघी बहिणी बरोबर त्याखाली बसून रांगोळी काढत होत्या. मी समोर चहा पीत. बघतो तर तोरण बायकोच्या अंबाड्याला टेकलेलं. तिने माशी उडवावी तसं ते बाजूला सारलं. पुन्हा टेकलं.

आता बोलावं, तर इतके दिवस का बोललो नाही, हे आलंच. पण खाली बायको होती. मेव्हणीही होती, मनात आलं ते मात्र ह्याच क्रमाने.

“उठा! दोघी उठा तिथून!”

“काऊन भाऊजी? मोर काढून राह्यली ना मी.”

“स्प्रिंग गेली. शटर खाली येऊन राह्यलं!”

मी बायकोला दंडाला धरून ओढलं, तिच्यामागे मेव्हणी उठली. मोर पायाखाली गेला. साडू हसत आला. “साडभाऊ, तीन वर्सं झाले, अजून जळूनच राह्यले काय? हे पाहा.” आणि शटर वर ढकलायला तो स्वतःच खाली जाऊन उभा राहिला. शटर काही वर सरकेना. कापसाच्या गाठी सरकवायची जाड लाकडी बल्ली भिंतीला टेकून होती. ती मी उचलून त्याच्याजवळ उभी रोवली.

“हे काय मांडवाचा खांब रोवून राह्यले?” असं तो म्हणेतो वर नळीत टण्णकन आवाज झाला. शटर बल्लीवर आदळून थांबलं, त्याच्या टोपीच्या चार बोटं वर. तोरण तुटून त्याच्या गळ्यात पडलं.

मग तो बाजेवर बसला आणि हळूच म्हणाला, “तुमाले कसं समजलं?”

“आत्ताच दिसलं,” मी म्हणालो.

बायकोने माझ्याकडे एकदा पाहिलं. परतताना घाटात म्हणाली, “तीन वर्सं मले सांगत होते. त्याइले एकदा सांगतलं असतं तं?”

मुंबईहून नवी स्प्रिंग आली. आता साडू आल्यागेल्याला सांगतो, ‘आमच्या साडभाऊची नजर लय बारीक.’ दर खंडेनवमीला मला पुढे करून शटर अर्ध्यावर सोडायला लावतो. ते तिथंच थांबतं. मी “चांगलं आहे” म्हणतो, आणि जरा वेळ तिथेच उभा राहून बघतो, बोटभर तरी घसरतं का. मग बायको म्हणते, “चला आता.”