दार लावून बघा

सुतारकाकांना दारं लावू नका म्हटलं तिथेच खरं बिघडलं.

बिल्डरने सॅम्पल फ्लॅट सजवायला घेतला होता. आर्किटेक्टने काकांकडून पलंग करून घेतला, तोही वीतभर आखूड, का तर खोली मोठी दिसावी! आणि दारं नकोतच. "मोकळं वाटलं पाहिजे काका, मॉडर्न आहे हे. उद्याची घरं अशीच असणार."

मॉडर्न? काकांना मॉडर्न शिकवतो? काका वाढलेच तसल्या, मॉडर्न म्हणून बांधलेल्या वसाहतीत. सपाट छत, कोऱ्या भिंती, नक्षीचा मागमूस नाही. पण ती बांधणारा माणूस बायकांना ओट्यापाशी उभं करून त्यांचा हात किती पोचतो ते मोजायचा आणि मग फळीची उंची ठरवायचा. आधी पलंग, मग भिंत. नक्षी टाळली ती जागा माणसाला मिळावी म्हणून! आणि ह्यांनी त्यातलं काय उचललं? पांढरा रंग. बास.

तरी काकांनी दात-ओठ खात तयार दारं खाली नेऊन ठेवली. नोकरी होती ना.

पहिल्या रविवारी बरेच जण सह्या करून गेले. पण दुसऱ्या रविवारी बघायला आलेल्या गर्दीत त्यांची स्वतःचीच लेक निघाली, नवऱ्याला घेऊन. "बाबा, केवढी मोठी वाटते ना खोली! आजच सही करतोय."

"वाटते. वाटणारच. दार कुठेय?"

"येईल की नंतर! तुम्ही ना, माझ्या लग्नात स्टेजच्या पायऱ्यासुद्धा मोजल्या होत्यात."

काका तडक खाली गेले आणि दार खांद्यावर घेऊन आले. चौकट होतीच. "जावईबापू, धरा." जावई बिचारा इस्त्रीच्या शर्टात दार धरून उभा, काका बिजागऱ्या ठोकतायत, बिल्डरचा मॅनेजर धावत आला. "काका, काय तमाशा लावलाय! लोक बघतायत!"

"त्यांनाच दाखवतोय."

लेक आत होती. काकांनी दार ढकललं. ठक्! पलंगाला अडलं. फट जेमतेम वीतभर.

"आता ये बाहेर."

एक खांदा आला, पुढे काही येईना.

"आणि हा आखूड पलंग आहे. मीच केलाय. खरा आणलास तर एवढंही उघडणार नाही."

"उद्यापासून येऊ नका," मॅनेजर ओरडला. काकांनी ढुंकूनही बघितलं नाही. ते लेकीकडे बघत होते. शाबासकी मिळेल असं वाटत होतं बहुतेक.

लेक फटीतून भडकली, "म्हणजे तुम्हाला हे माहीत होतं? मागच्या रविवारी सह्या केल्या त्या लोकांचं काय? त्यांना का नाही दाखवलंत? ती कुणाचीच मुलं नाहीत?"

 

मॅनेजरने दार काढायला माणूस बोलावला. कुणी दाराला हात लावू नये म्हणून काका चौकटीला पाठ लावून खाली बसले, दोन्ही पाय समोरच्या भिंतीला टेकवले, आणि जिन्यातल्या रांगेला ओरडून म्हणाले, "या! एकेक जण या, दार ढकलून बघा! आणि मागच्या रविवारी आलेलं कुणी ओळखीचं असेल तर त्यांना आत्ताच्या आत्ता फोन लावा!"