पिठाच्या डब्यामागचं कार्ड

माझ्या मुलीच्या अंगावर लहानपणापासून निळे डाग उठायचे. दात पडला तरी उशी रक्तानं भिजायची. रक्त तपासलं की प्लेटलेटचा आकडा बरोबर यायचा आणि आम्ही गप घरी यायचो. ती दहावीत असताना पुण्याच्या एका डॉक्टरीणबाईंनी पुढची तपासणी केली. त्यांनी मला विचारलं, "तुम्ही काय काम करता?" मी खाली बघतच सांगितलं, घोडेगावच्या बाजारात आमचं मसाल्याचं दुकान लागतं, मी पुड्या बांधते.

"मग तुम्हाला हे लगेच कळेल," त्या म्हणाल्या. "प्लेटलेट म्हणजे रक्तातल्या बारीक टिकल्या. प्रत्येकीच्या पोटात अशाच पुड्या असतात. जखम झाली की पुड्या कडेला येऊन फुटतात, मग बाकीच्या टिकल्या धावून येतात आणि रक्त थांबतं. पुड्यांना कडेला आणणारी लहान लहान प्रथिनं असतात. जखमेचा निरोप आला की ती जागी होतात. हिच्यातलं एक जागंच होत नाही. माल भरलेला आहे, पण तो बाहेर काढणारं कुणी नाही. म्हणून मोजणी कायम बरोबर येणार. तिच्यावर विसंबू नका."

हे पोटच्या लेकरातही उतरू शकतं, असं सांगून त्यांनी एक कार्ड दिलं. दात काढताना, ऑपरेशनला, बाळंतपणाला सगळ्यात आधी ते दाखवायचं.

मुलीचं लग्न जमलं तेव्हा मी ते कार्ड पिठाच्या डब्यामागं सरकवलं. ती म्हणाली, "आई, त्यांना सांगायला नको का?" मी म्हणाले, "सांगू गं. आधी तिथं रुळ तर."

सातव्या महिन्यात ओटीभरणाला हिरव्या बांगड्या भरताना कासारणीनं हात दाबला, तसं तिचं मनगट काळंनिळं झालं. कासारीण हसली, "लेक लोण्याची घडवली का काय, बाई?" सगळ्या हसल्या. मुलगी माझ्याकडं बघत होती. मी तिच्या मनगटावर पदर ओढला.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मीच तिला श्रीरामपूरच्या दवाखान्यात नेलं. डब्यामागचं कार्ड मी पिशवीत घातलं होतं. पण विहीणबाईही आल्या होत्या. नर्सनं विचारलं, "आधीचा काही आजार? रक्त जास्त जायचा त्रास?" विहीणबाई माझ्या शेजारीच उभ्या होत्या. मी म्हणाले, "नाही." त्या चहाला गेल्या की सांगू, असं मनात होतं. त्या चहाला गेल्याच नाहीत.

मुलगी झाली. मग रक्त थांबेना. डॉक्टर म्हणत होते, "प्लेटलेट तर व्यवस्थित आहेत." तेव्हा मी पिशवीतून कार्ड काढलं. ते वाचताच डॉक्टर फोनकडं पळाले. नगरहून प्लेटलेटच्या पिशव्या मागवल्या. दुसरी पिशवी चढत असतानाच माझी लेक गेली.

विहीणबाईंनी मला पोटाशी धरलं. "आपल्या नशिबात न्हवती, विहीणबाई." मी त्यांच्या खांद्यावर रडले आणि तेव्हाही बोलले नाही.

चौथ्या महिन्यात नातीचे कान टोचायला त्यांनी सोनार बोलावला. मला निरोप आला, मी गेले. नात माझ्याच मांडीवर होती. सोनारानं तार हातात घेतली आणि माझ्या तोंडून निघालं, "टोचू नका."

"का वो?" विहीणबाई म्हणाल्या. "भरल्या घरात असं काय बोलता?"

मी कार्ड जावयांच्या हातात दिलं आणि सगळं सांगितलं. आयुष्यात चारचौघांत एवढं पहिल्यांदाच बोलले.

विहीणबाईंनी जावयांच्या हातातल्या कार्डाकडं बघितलं. मग म्हणाल्या, "त्या दिवशी तुमच्या पिशवीत हुतं हे?"

"व्हय."

"आन मी शेजारी उभी हुते."

त्यांनी माझ्या मांडीवरून नात उचलून घेतली.

मला आता तिकडून बोलावणं येत नाही. कार्ड जावयांनी ठेवून घेतलं. ते नातीला घेऊन पुण्याच्या त्याच बाईंकडे जाऊन आले, असं बाजारात त्यांच्या गावच्या एकानं सांगितलं. काय निघालं ते त्याला माहीत नव्हतं. मी पुड्या बांधत होते, हात थांबला. एवढंच विचारलं, कान टोचलेत का तिचे?

नाही म्हणाला.