पाय धुऊन खाचरात

भरे गावच्या कुशाबाला 'सोवळेबुवा' हे नाव त्याच्या बायकोनंच, गोजराबाईनं, पाडलं असं गावात बोललं जातं. बोलणारे खोटं बोलत नसावेत. त्या सोवळ्याचा सगळ्यात जास्त जाच तिलाच होता.

बांधावर औषधाच्या पाण्याचं घमेलं ठेवलेलं. त्यात पाय बुडवल्याशिवाय कुशाबा कुणाला भाताच्या खाचरात सोडायचा नाही, मग तो मजूर असो की जावई. भूगावच्या फ्लॅटमधून शेती बघायला आलेल्या मृण्मयीबाईंना त्यानं बूट काढायला लावले, तर बांधावर देव आहे असं समजून त्यांनी हात जोडले. गाव आठवडाभर हसत होतं.

कुशाबा हसला नाही. भावकीतली माणसं नोकरीधंद्यामागं माणच्या कंपन्यांत गेली, त्यांची पडलेली शेतं त्यानं एकेक करत वाट्यानं घेतली. साठी उलटल्यावर चाळीस एकर भात त्याच्या हाताखाली आला, आणि झोप गेली. सगळीकडं एकच आंबेमोहोर आणि वरच्या खाचरातून खालच्यात उतरणारं एकच पाणी. रोग शिरला तर त्याच वाटेनं उतरणार, हे त्याच्या डोक्यातून जाता जायचं नाही. दुसऱ्याच्या शेतातला चिखल कुणाच्या पायाला दिसला की तो आधी घमेल्याकडं बोट दाखवायचा.

औंदा पाऊस दोन आठवडे लांबला. बी पेरलेल्या तरव्यातलं रोप लावणीआधीच गुडघ्याला लागलं. लावल्यावर लोळेल म्हणून कुशाबानं वरच्या खाचरांत लावायच्या रोपाचे शेंडे स्वतः विळ्यानं छाटले. मग पाऊस जो लागला तो थांबेचना.

ऑगस्टमधल्या एका रविवारी त्याचा पुतण्या शेखर ड्रोन घेऊन आला. हा माणच्या कंपनीत कामाला. पावसाची उघडीप बघून त्यानं ड्रोन उडवला, फोटो बघितला आणि बोटांनी मोठा केला.

"काय रं?"

"तात्या, वरची दोन खाचरं पिवळी दिसत्यात. बाकी हिरवंगार हाय."

"युरिया कमी पडला आसंल," कुशाबा म्हणाला.

शेखरनं पिवळ्या कडेचं एक पान तोडून घरी आणलं, देठाकडून तिरकं कापलं आणि काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात उभं धरलं. गोजराबाईसकट तिघं ओसरीत बसून त्या ग्लासाकडं बघत राहिले. थोड्या वेळानं पानाच्या कापातून दुधासारखा एक बारीक धागा पाण्यात उतरायला लागला.

"करपा हाय. जिवाणूचा," शेखर हळूच म्हणाला.

"पाय तर समद्यांचे धुतले," कुशाबा म्हणाला. "म्या सोता उबा व्हतो."

गोजराबाई नवऱ्याकडं बघत म्हणाली, "आन् इळा? इळा धुतला व्हता का?"

कुशाबाला सगळं आठवलं. छाटणीच्या आदल्या दिवशी तो गावातल्या जनार्दनाकडं इरजिकीला गेला होता. शेजाऱ्यांनी मिळून एकाची लावणी उरकायची, तिला नाही म्हणता येत नाही. तिथंही शेंडे त्यानंच छाटले होते, याच विळ्यानं. आणि जनार्दनाचं भात करपलंय, ही बातमी गोजराबाईनंच चार दिवसांमागं पाणवठ्यावरून आणली होती.

बाहेर पुन्हा सर आली. पिवळ्या खाचरांतलं पाणी बांधातल्या एका तोंडातून कुशाबाच्या बाकीच्या भातात जात होतं, दुसऱ्यातून शेजारच्या हैबतरावाच्या. कुशाबा धावला आणि त्यानं चिखलानं दोन्ही तोंडं बुजवली. पण पाऊस वरून भरतच होता. तासाभरात बांध फुटला असता. पाणी ओढ्याला काढायचं तर हैबतरावाच्या बांधातून चर मारायचा, आणि त्याला कारण सांगायचं. याच हैबतरावाला त्यानं लावणीत चारचौघांत पाय धुवायला लावून 'घाणेरडा' म्हटलं होतं.

न सांगता एक तोंड उघडलं असतं, तर कुणाला कळलं नसतं. कुशाबा तिथं फावडं धरून उभा राहिला.

मग तो हैबतरावाच्या दारात गेला. "हैबती, माझ्या भातात करपा शिरलाय. माझ्याच इळ्यानं आलाय. तुज्या बांधातनं चर मारू दे."

हैबतरावानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "समद्या गावाला आंगोळ घालत व्हतास, आन् सोता?"

"तोंडं बुजवल्यात, पाणी भरतंय," कुशाबा म्हणाला.

"तोंड कवा बुजवलंस?"

"आत्ता."

"म्हंजी तवर येतच व्हतं की."

"व्हय."

हैबतरावानं टोपी घातली, फावडं उचललं. दोघांनी पावसात चर मारला. पाणी ओढ्याकडं वळलं. मग हैबतराव आपल्या पहिल्या खाचरात उतरला, तोंडापाशी वाकून एकेक पान उलटं करून बघायला लागला. कुशाबा दुसऱ्या टोकाकडून बघत आला. मध्यावर दोघं भेटले.

"हितं काय न्हाई," हैबतराव म्हणाला.

"आज न्हाई," कुशाबा म्हणाला. "आठ दिसांनी कळंल."

"मंग आठ दीस रोज येशील सकाळी. संगं बघू."

कुशाबानं मान डोलावली आणि परत पहिल्या ओळीपासून पानं बघायला लागला.