वडिलांच्या नावापुढची वर्जिश

गेल्या रविवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मला कळलं, की नांदेडच्या एका कॉलेजने माझ्या वडिलांना स्मरणिकेतून वगळलंय.

फोन अहमदपूरहून होता. गफूरचाचा, वडिलांच्या फुटबॉल टीमचे गोलकीपर, आता नव्वदीपार. "बेबी, नातीनं मास्तरांची यादी दोनदा वाचली. आपले मास्तर कुठं गेले?" मला आता बेबी म्हणणारे तेवढेच उरलेत.

निजामाच्या शेवटच्या वर्षांत हे कॉलेज नुसतं हायस्कूल होतं. वडील आधी लातूरला ड्रिल शिकवायचे, मग इथे फुटबॉल. चेंडू एकच... फाटला की स्वतः दाभण घेऊन शिवत बसायचे.

अर्धी मुलं घरी उर्दू बोलणारी, अर्धी मराठी. गावात लोक एकमेकांना टाळू लागले होते, तेव्हाची गोष्ट. वडिलांनी मैदानावर एकच शब्द ठेवला... "दे." दोन्ही भाषांत अर्थ तोच. मी सहा वर्षांची, कडेला बसून ऐकायची. गफूर, दे... माधव, दे... हरल्यावर ते कुणालाच रागावायचे नाहीत. गोलकीपरच्या खांद्यावर हात ठेवून त्याला घरापर्यंत सोडायचे.

सोमवारी मी कॉलेजात गेले. स्मरणिकेचे संपादक, इतिहासाचे प्राध्यापक, नम्रपणे म्हणाले, "मॅडम, जुनं रजिस्टर उर्दूत हाय. आम्ही देवनागरीत उतरवून घेतलं. सरांच्या नावापुढं हे आलं... वर्ज्य केलं असंल म्हणून गाळलं."

कागदावर लिहिलं होतं, 'वर्जिश'.

"वर्जिश म्हणजे व्यायाम," मी म्हणाले. "ते व्यायामाचे शिक्षक होते. तुम्ही शब्दकोश उचलला असता तरी थोडी वर्जिश झाली असती."

ते ओशाळले. पुढच्या स्मरणिकेत बघू म्हणाले. पुढची दहा वर्षांनी.

घरी येऊन चाचांना फोनवर सांगितलं. ते खूप वेळ हसले... मग म्हणाले, "मास्तरांचं नाव माझ्या डोळ्यांनी एकदा बघू दे, बेटा. मला मराठी वाचता येत न्हाई, पण उर्दू अजून दिसतंय थोडं."

म्हणून, स्मरणिकेचे संपादक महाशय, दुरुस्तीपत्रक कधी निघणार याचं लेखी उत्तर मला येत्या शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत हवं. आणि वडिलांचं नाव उर्दूतही छापा. मोठ्या टायपात.